पोटगी अठराव्या वाढदिवशी थांबते का? आधी ऑर्डर काढून वाचा

मी बँकेत कॅशियर होतो, त्यामुळे ताईच्या घटस्फोटाची फाईल आपोआप माझ्याकडे आली. भाचा अठरा वर्षांचा झाला तो ९ फेब्रुवारीला, बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर. त्याच्या पोटगीचे दरमहा ८,००० रुपये यायचे. त्या महिन्यात पासबुकात पडले २,२८६. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला: आठ हजार भागिले अठ्ठावीस, गुणिले आठ. भाऊजींनी (तोंडात अजून भाऊजीच येतं) वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंतचे पैसे मोजून टाकले होते, आणि वरचे एकोणतीस पैसे आपल्या पदरचे घातले होते.

मी तावातावाने फोन करायला निघालो होतो. ताई म्हणाली, आधी ऑर्डर बघ. बघितली, आणि गप्प बसलो. शेवटच्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलेलं, ‘मुलगा सज्ञान होईपर्यंत’. मसुदा ज्या वकिलाने केला त्याने त्याच्या नेहमीच्या साच्यातून ते शब्द उचलले असणार, आणि आम्हीही आठ वर्षांत फक्त आकडा वाचला होता.

म्हणून मुलं कॉलेजात जाणार असतील तर पहिलं काम हे करा. ऑर्डर हरवली असेल तर कोर्टात नक्कल अर्ज टाकून सही-शिक्क्याची प्रत काढा. तिच्यात दोन गोष्टी शोधा: ऑर्डर कुठल्या कलमाखाली झाली, आणि ‘कधीपर्यंत’ याबद्दल नेमके काय शब्द आहेत. ‘सज्ञान होईपर्यंत’, ‘शिक्षण पूर्ण होईपर्यंत’, ‘पुढील आदेशापर्यंत’, या तिन्हींचा अर्थ वेगळा. तिसरा असेल तर देणाऱ्याने वाढदिवसाचा केक कापला म्हणून आपल्या मनाने हप्ता बंद करू नये. आधी कोर्टात अर्ज करून ऑर्डर बदलून घ्यावी.

आता कलमाचं. बहुतेकांची ऑर्डर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली असते. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. या कलमात मुलांची पोटगी अज्ञान असेपर्यंत, म्हणजे अठरापर्यंत. सज्ञान मुलाला ती मिळते फक्त शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे वा दुखापतीमुळे त्याला स्वतःचं पोट भरता येत नसेल तर. ‘शिकतोय’ हे कारण त्यात कुठेच नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरायला मुलगा ज्या वयात जातो, नेमकं त्याच वयात हे कलम हात काढून घेतं.

मुलीचं मात्र वेगळं आहे, आणि हे फार जणांना ठाऊक नसतं. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याचं कलम २० (३) सांगतं की अविवाहित मुलीला स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून स्वतःचा निर्वाह करता येत नसेल, तर तिला सांभाळण्याची जबाबदारी आईवडिलांवर राहते. वयाची अट नाही. त्याच कायद्यात ‘निर्वाह’ शब्दाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी यांच्याबरोबर शिक्षणही आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ‘अभिलाषा विरुद्ध प्रकाश’ या निकालात हा फरक स्पष्ट केला: सज्ञान, धडधाकट अविवाहित मुलीला १२५ खाली मागता येणार नाही, पण २० (३) खाली येईल. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम कुटुंबांसाठी १९९७ चा ‘नूर सबा खातून’ निकाल पाहा. तिथे १२५ खाली मुलाचा हक्क सज्ञान होईपर्यंत किंवा कमावता होईपर्यंत, जे आधी होईल ते, आणि मुलीचा लग्नापर्यंत मानला आहे.

मग मुलाने काय करायचं? आम्ही दोन निकाल हाताशी ठेवले होते. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वडिलांना मुलाची पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत पैसे द्यायला सांगितलं; आजच्या काळात अठरापर्यंतचा आधार पुरत नाही, असा रोख होता. त्याच वर्षी जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वेगळी वाट धरली. मुलगा सज्ञान झाला तरी त्याचा भार आईवर पडतो, हे धरून तो पदवीधर किंवा कमावता होईपर्यंत आईलाच महिन्याला १५,००० रुपये मंजूर केले. या निकालांच्या जोरावर मुलाला हक्काने मागता येतंच असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या पक्षाचा वकीलही त्याच्या बाजूचे निकाल घेऊन येतोच.

ताईला स्वतःची वेगळी पोटगी होती. तेव्हा आम्ही मुलाच्या नावाने काही न मागता तिची पोटगी वाढवून मागितली. बदललेल्या परिस्थितीत रक्कम बदलण्यासाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२७ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४६ आहे. अर्जात एकच मुद्दा धरला: मुलाचे आठ हजार थांबले, मुलाचा खर्च थांबला नाही, तो आता आईच्या अंगावर आला. तिसऱ्या तारखेला समुपदेशकांच्या खोलीत भाऊजींनी स्वतःहून विचारलं, “फी किती आहे त्याची?” तोपर्यंत त्यांना कुणी आकडा सांगितलाच नव्हता.

तो आकडा कागदावर तयार होता म्हणून पुढचं झालं. हा कागद कसा करायचा ते सांगतो, कारण लोक इथे फार गबाळेपणा करतात. ‘शिक्षणाचा खर्च दरमहा वीस हजार’ असं मोघम लिहिलं की समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात फाडतो. मी दोन रकाने केले. एकात वर्षातून एकदा येणारे खर्च: शिक्षण शुल्क, परीक्षा फी, वसतिगृह, अनामत, पुस्तकं. दुसऱ्यात दरमहा: मेस, बसचा पास, मोबाईल, झेरॉक्स-प्रिंट. प्रत्येक ओळीसमोर पावतीचा नंबर. शिष्यवृत्ती किंवा फी सवलत मिळाली असेल तर ती आपणच वजा करून दाखवायची. लपवली आणि उघडकीला आली की बाकीच्या खऱ्या पावत्यांवरही संशय. लॅपटॉप मी मुद्दाम वेगळा, खाली लिहिला होता. तो एकदाच लागतो, त्याला दरमहात कोंबू नये.

‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी करावा, पण आई पुरेसं कमावत असेल तर तो कमाईच्या प्रमाणात वाटून द्यावा, हेही त्यातच आहे. ताईची नोकरी होती, म्हणून आम्ही पूर्ण फी मागितलीच नाही. आणखी एक कामाची गोष्ट त्यात आहे: पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणजे निकाल दोन वर्षांनी लागला तरी चालेल, पण अर्ज दोन वर्षं उशिरा टाकला तर ते पैसे गेले.

समझोत्याच्या अटींत आम्ही लिहून घेतलेलं कलम असं होतं: ‘मुलाचे पदवीचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत किंवा त्याच्या वयाची २३ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, वडील दरवर्षीच्या शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क व वसतिगृह शुल्काची निम्मी रक्कम मागणीपत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत थेट महाविद्यालयाच्या खात्यात भरतील, शिवाय दरमहा ५,००० रुपये १० तारखेपूर्वी मुलाच्या खात्यात जमा करतील.’ २३ का, तर चार वर्षांचा कोर्स संपेपर्यंत बावीस पूर्ण होतात आणि एक वर्ष केटीसाठी, म्हणजे राहिलेले विषय पुन्हा देण्यासाठी धरलं. भाऊजींच्या वकिलांनी “केटी लागली तर?” हे विचारलंच होतं. थेट कॉलेजच्या खात्यात, हा आग्रह भाऊजींचा होता, आणि मला तो रास्त वाटला. फी भरताना पावतीवर आपलं नाव दिसलं की देणाऱ्याची कुरकुर निम्मी होते.

भाचीच्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. ती सतरा वर्षांची असतानाच १९५६ च्या कायद्याच्या कलम २० खाली अर्ज टाकला, ‘अज्ञान पालनकर्ती आई’ म्हणून ताईच्या सहीने. मधे ती अठराची झाली तेव्हा जन्मदाखला जोडून सज्ञान झाल्याची नोंद करून घेतली आणि पुढे प्रत्येक कागदावर तिची स्वतःची सही. अठरानंतर आईने मुलीच्या वतीने सह्या करत राहू नये, त्यावर हरकत निघते आणि तारखा वाया जातात. तुमच्या भागात कुटुंब न्यायालय नसेल तर या कायद्याखालचा दावा दिवाणी न्यायालयात जातो. पोटगीच्या प्रकरणात महाराष्ट्रात बायकांना कोर्ट फी माफ आहे, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मुलगी परदेशी शिकायला जाणार असेल तर जानेवारी २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलाला दाखवा. मुलगी आयर्लंडमध्ये शिकत होती, वडिलांनी दिलेले ४३ लाख ती ठेवायला तयार नव्हती. शिक्षणाचा खर्च आईवडिलांकडून मिळणं हा मुलीचा अंमलात आणता येणारा हक्क आहे, असं सांगून कोर्टाने ते पैसे तिचेच ठरवले.

थकबाकीचं विसरू नका. मूल सज्ञान झालं म्हणून आधीचे बुडवलेले हप्ते माफ होत नाहीत. पण १२५ किंवा १४४ खाली वॉरंटने वसुली हवी असेल तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. १९५६ च्या कायद्याखालच्या हुकुमाची वसुली वेगळी, तिथे दरखास्त, म्हणजे हुकुमाच्या अंमलबजावणीचा अर्ज टाकायचा. म्हणून पासबुक दर महिन्याला भरून आणा. मोबाईलवरचे मेसेज दाखवून कोर्टात भागत नाही.

भाचीची पोटगी थांबली ती तिला नोकरी लागल्यावर. पदवीनंतर चार महिने ती घरीच होती, तेव्हाही हप्ता चालू होता, कारण ऑर्डरमध्ये पदवी नव्हे तर ‘स्वतःचा निर्वाह करण्यास समर्थ होईपर्यंत किंवा विवाहापर्यंत’ असं होतं. नेमणूकपत्र आलं त्या दिवशी तिने त्याची प्रत आणि ‘पुढच्या महिन्यापासून रक्कम पाठवू नये’ असं पत्र वडिलांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. ऑर्डर रीतसर रद्द करायची तर अर्ज त्यांनी करायचा, आमची हरकत नाही, हेही लिहून दिलं. पोचपावती फाईलला लावली आहे. ती रुजू झाली १२ तारखेला. त्या महिन्यात पासबुकात पूर्ण ९,००० पडले.