मेंढरांना बिल्ले मारण्याआधीची तयारी

१ जून २०२४ पासून महाराष्ट्रात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. हा नियम गाई-म्हशींचा, आपल्याला काय त्याचं, असं म्हणणारे मेंढपाळ अजून भेटतात. पण शेळ्या-मेंढ्याही त्यात आल्यात. तेव्हा माळेगावच्या यात्रेला मेंढरं न्यायची असतील तर आदल्या दिवशी दवाखान्यात धावू नका. पावसाळा सरला की लगेच उरकून घ्या. ओल्या दिवसांत भोकावर माशा बसतात आणि कानात अळ्या पडतात.

कळप चराईला लांब जायच्या आधीच पशुधन पर्यवेक्षकाला तारीख विचारा. ठरल्या दिवशी मेंढरं सकाळी वाघरीतून, म्हणजे कोंडायच्या जाळीतून, सोडूच नका. आजारी आणि विण्याला आलेल्या मेंढ्या बाजूला काढा. कोवळ्या कानाच्या कोकरांचं पर्यवेक्षकालाच विचारा. धरायला दोन तगडी माणसं हवीतच.

कागदात आधार आणि चालू मोबाइल, एवढं पुरतं. मात्र नंबर घरच्याच माणसाचा द्या. कित्येक कळप पोराच्या नंबरावर चढलेले असतात, पोरगं पुण्याला, आणि ओटीपी मागितला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

आता खरं काम. कान उजेडाकडे धरला की शिरा दिसतात. बिल्ला दोन शिरांच्या मधोमध, कानाच्या मुळाकडच्या अर्ध्या भागात बसला पाहिजे. टोकाला बसलेला बिल्ला बाभळीच्या काट्याला नाहीतर वाघरीच्या जाळीला अडकतो आणि कान फाडून जातो. कान आणि पक्कड दोन्ही औषधानं पुसून घ्यायला सांगा, संकोच करू नका. नंतर आठवडाभर रोज कान बघा; सूज, पू किंवा वास आला तर दवाखाना.

बिल्ल्यावरचा १२ अंकी नंबर सरकारच्या जनावर-नोंदणीच्या भारत पशुधन ॲपवर तुमच्या नावावर चढला का, हे तिथंच उभं राहून पाहा. नोंद नसलेला बिल्ला म्हणजे नुसतं पिवळं प्लास्टिक. वहीत नंबरापुढं मेंढीची खूण लिहा: काळ्या तोंडाची, तुटक्या शिंगाची, जी तुम्हाला लांबून ओळखू येते ती. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस टोचली की त्याच नंबरावर नोंदवून घ्या.

बिल्ला पडला तर नवा मारून घ्या आणि जुना नंबर त्याला जोडायला लावा. मेलेल्या मेंढीचा बिल्ला दुसरीच्या कानात घालायचा उद्योग कुणी सुचवला तर ऐकू नका. विमा उतरवलेली मेंढी मेली तर बिल्ला कानातच राहू द्या, फोटो काढा, विमावाल्याला कळवा, आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका. वीज पडली, लांडग्यानं मारली, तरी सरकारी भरपाईला हाच नंबर विचारतात.

मेंढी विकली की मालकी बदलाची नोंद त्याच आठवड्यात करून घ्या. दवाखाना लांब असेल तर जनावरांच्या मदतीच्या १९६२ या नंबरावर फोन लावा.