नकार लेखी मागा: समुदायात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे काम कसे उभे करावे

एखाद्या समुदायात बोलण्याची गळचेपी सुरू होते तेव्हा सहसा कोणताही नवा कायदा झालेला नसतो. सभागृहाची नोंदणी आदल्या दिवशी रद्द होते, ग्रंथालयातून एखादे पुस्तक गुपचूप नाहीसे होते, सार्वजनिक बैठकीत प्रश्न विचारणाऱ्याच्या हातून ध्वनिक्षेपक काढून घेतला जातो आणि बाकीचे मान खाली घालून बसतात. म्हणून या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्यांनी प्रारंभीच भलामोठा जाहीरनामा लिहीत बसू नये. आपल्या परिसरात नेमके काय अडवले गेले, ते कोणी, कोणत्या तारखेला आणि कशाच्या आधारावर अडवले, याची आधी टिपणे करावीत आणि त्यांतील एकच प्रकरण हाती घ्यावे.

त्यानंतरचे पहिले काम म्हणजे नकार लेखी मिळवणे. तोंडी नकार देणाऱ्याला काहीच सिद्ध करावे लागत नाही. कागदावर नकार देण्याची वेळ आली की त्याला नियम शोधावा लागतो, आणि पुष्कळदा तसा नियम अस्तित्वातच नसतो. पत्र चार ओळींचे असावे: ‘आमच्या सभेला दिलेली परवानगी रद्द झाल्याचे अमुक तारखेस आम्हांला तोंडी कळवण्यात आले. हा निर्णय कोणी, कोणत्या नियमान्वये व कोणत्या कारणासाठी घेतला आणि त्याविरुद्ध दाद कोणाकडे मागता येईल, हे कृपया लेखी कळवावे.’ पत्रात रागाचा एकही शब्द नसावा, त्याच्या दोन प्रती काढाव्यात आणि आपल्या प्रतीवर पोच, तारीख व सही घेतल्याशिवाय परतू नये. ठरावीक दिवसांत उत्तर आले नाही, तर त्याच पत्राचा हवाला देऊन स्मरणपत्र द्यावे. हजार सह्यांच्या निवेदनापेक्षा अशा दोन पत्रांचा उपयोग अधिक होतो, असे माझे ठाम मत आहे. स्वीडनने १७६६ मध्ये मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा केला, तेव्हा त्याच कायद्यात सरकारी कागदपत्रे पाहण्याचा नागरिकांचा हक्कही घातला होता; निर्णयामागची कारणे ज्याला पाहता येत नाहीत, त्याच्या बोलण्याला धार येत नाही, हे तेव्हाही उमगलेले होते.

लेखी कारण हाती आले की ते तपासावे लागते. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९६६ मध्ये स्वीकारलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचा एकोणिसावा अनुच्छेद चांगली कसोटी पुरवतो. बंधन कायद्यात स्पष्ट नमूद असले पाहिजे. इतरांचे हक्क वा प्रतिष्ठा, राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, आरोग्य वा नीतिमत्ता यांपैकी कशाच्या तरी रक्षणासाठी ते असले पाहिजे. आणि त्या रक्षणासाठी ते खरोखर आवश्यक असले पाहिजे. ‘काही लोकांना वाईट वाटेल’ हे कारण या कसोटीला सहसा उतरत नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९७६ च्या हँडिसाइड खटल्यात, ब्रिटनमध्ये अश्लील ठरवलेल्या एका पुस्तकावरील कारवाई वैध ठरवतानाही, दुखावणारे, धक्का देणारे किंवा अस्वस्थ करणारे विचारही अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कक्षेत येतात, असे तत्त्व स्पष्ट नोंदवले. मात्र प्रत्यक्ष हिंसेला चिथावणी देणारे भाषण वेगळे असते, आणि ती रेघ आपल्या गटाने आधीच अभ्यासलेली असावी. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये तयार झालेल्या रबात कृती आराखड्यात त्यासाठी संदर्भ, बोलणाऱ्याचे स्थान, हेतू, आशय, प्रसार आणि हानीची शक्यता असे सहा निकष दिले आहेत. गटाच्या एका बैठकीत एखादे वादग्रस्त भाषण घेऊन ते या सहाही निकषांवर घासून पाहावे. ज्यांची मते एरवी जुळत नाहीत अशांनाही त्या दिवशी एकाच टेबलाशी बसून विचार करता येतो.

सर्वांत अवघड निर्णय मात्र गटाच्या स्थापनेच्या दिवशीच घ्यावा लागतो: ज्यांचे विचार आपल्याला घृणास्पद वाटतात, त्यांची बाजू आपण घेणार आहोत का? १९७७ मध्ये शिकागोजवळच्या स्कोकी गावात नाझी विचारांच्या एका छोट्या टोळीला निदर्शने करायची होती, आणि त्या गावात नाझी छळातून वाचलेले अनेक ज्यू राहत होते. नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संघटनेने त्या टोळीचा निदर्शनांचा हक्क न्यायालयात लढवला; खटला चालवणारा वकील स्वतः ज्यू होता. संघटनेचे हजारो सभासद सोडून गेले. आज गावकऱ्यांच्या हाती नावडती सभा बंद करण्याची सत्ता दिली, तर उद्या हीच सत्ता अल्पसंख्याकांच्या सभेवर चालेल, हा संघटनेचा युक्तिवाद मला आजही पटतो, आणि तो पटत नसेल त्याने या कामात पडू नये. आपले धोरण एका वाक्यात लिहून सर्व सभासदांच्या सह्या घ्याव्यात. पहिला कठीण प्रसंग येईल तेव्हा तेच वाक्य गट फुटू देणार नाही. ज्याचा हक्क आपण लढवतो त्याच्या मताचे खंडन करायला आपण मोकळेच असतो, हेही त्यात नमूद करावे, कारण विरोधी सभा घेणे वेगळे आणि आरडाओरडा करून समोरच्याची सभा उधळणे वेगळे.

पत्रे, अपिले आणि न्यायालय यांचा उपयोग झाला नाही, तर शांततामय कायदेभंगाचा विचार करता येतो, पण त्याची किंमत आधी मोजावी. अमेरिकेतील स्पोकेन शहरात १९०९ मध्ये रस्त्यावरील भाषणांवर बंदी होती. धार्मिक संघटनांना सूट देऊन कामगार संघटनांना मात्र रोखण्यात आले, तेव्हा कामगार एकामागून एक पेटीवर उभे राहून बोलू लागले, शेकडोंच्या अटकेने तुरुंग भरून गेले आणि १९१० च्या मार्चमध्ये शहराला माघार घ्यावी लागली. तुरुंगात अनेकांचे फार हाल झाले, हे विसरून या लढ्याचे गोडवे गाऊ नयेत. नियमातील फट शोधणारे मार्गही असतात. अर्जेंटिनात १९७७ मध्ये जमावबंदी असताना, लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्या मुलांच्या माता राजधानीतील मायो चौकात जमल्या. थांबू नका, असे पोलिसांनी फर्मावताच त्या जोडीजोडीने चालत राहिल्या. अशा कृतीत कोण अटक पत्करणार, घरी कोणावर अवलंबून असलेली माणसे आहेत, वकील कोण आणि छायाचित्रे कोण घेणार, हे नावानिशी ठरलेले असावे, आणि अटक नको म्हणणाऱ्याला कोणीही कमी लेखू नये.

सत्तेखेरीज शेजाऱ्यांचाही दबाव असतो. बोलणाऱ्याशी संबंध तोडणे, त्याचे काम काढून घेणे, त्याच्या मुलांना वेगळे पाडणे, यांपुढे माणसे लवकर गप्प होतात. येथे पत्रांचा उपयोग नसतो. गटातील दोघे-तिघे त्या माणसाच्या घरी उघडपणे जातात आणि चारचौघांत त्याच्या शेजारी बसतात, तेव्हा त्याला बळ मिळते. धमक्या आल्यास त्यांच्या प्रती जपून ठेवाव्यात आणि रीतसर तक्रार करावी.

एखादे प्रकरण जिंकल्यावर गटाने लगेच पांगू नये. परवानगी परत मिळाली तरी ती एका अधिकाऱ्याच्या मर्जीवरच असते, म्हणून सभागृह कोणाला, कोणत्या क्रमाने आणि किती वेळेसाठी मिळेल, रद्द करण्याची कारणे कोणती आणि अपील किती दिवसांत निकाली निघेल, हे नियम लेखी करून घ्यावेत आणि सभागृहाच्या दाराशी लावून घ्यावेत. मग त्याच नियमांनुसार गटाला न रुचणारा पुढचा अर्ज येईल, तेव्हा अर्जदाराला तो भरायला मदत करावी.