बोअर मारण्याआधीचं एक वर्ष

रत्नागिरी जिल्ह्यातल्या तुरळ-राजवाडी किंवा उन्हवऱ्याच्या गरम झऱ्यांच्या पाण्यावर वीज काढायची म्हटलं की सगळ्यांचं लक्ष रिगकडे, म्हणजे बोअर मारणाऱ्या यंत्राकडे. माझं म्हणणं, रिग येण्याआधी एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा नोंदीत घ्या. नाहीतर पुढे झऱ्याची धार बारीक झाली की वाडी म्हणणार बोअरमुळे, कंपनी म्हणणार मे महिन्यामुळे, आणि दोघांकडेही आकडा नसणार.

विहिरींच्या पाणीपातळीची दोन वाचनं चुकवू नका: एक मे अखेरीस, दुसरं पाऊस सरल्यावर. जांभ्यातून पाणी भराभर निघून जातं, त्यामुळे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही चैतात विहिरींचा तळ दिसतो; ही नैसर्गिक घट आधी कळायला हवी. सरकारी निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून मागवा, पण त्या वर्षातून मोजक्याच वेळा घेतात. आपल्या विहिरी दर महिन्याला मोजा.

कठड्यावर ऑइलपेंटची खूण करा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा. घरमालकाला आदल्या रात्रीच फोन करून सांगा, सकाळी पंप लावू नका म्हणून. मागे एकदा मी विचारलंच नाही. ते वाचन दीड मीटर खाली आलं आणि आलेखातल्या त्या खड्ड्याचा अर्थ लावत मी दोन महिने बसलो. खाडीकाठच्या विहिरींसमोर भरती-ओहोटीची वेळ लिहा.

तापमान कुंडात मोजू नका, तिथे माणसं अंघोळी करतात. बुडबुडे येतात त्या फटीत थर्मामीटर धरा आणि पीएचही तिथेच घ्या. नमुन्याच्या बाटल्या दोन. धातूंसाठीचं पाणी गाळून त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे. सिलिकासाठी (खडकातून पाण्यात विरघळणारा घटक) एक भाग झऱ्याचं पाणी आणि नऊ भाग डिस्टिल्ड, तेही जागेवरच, कारण पाणी निवलं की सिलिका एकमेकांत गुंतते आणि प्रयोगशाळेत कमी भरते. खोलवरच्या तापमानाचा अंदाज या आकड्यावर बांधतात, तेव्हा इथे आळस नको.

विहिरीत क्लोराइड वाढलं की लगेच समुद्र आत आला असं ठरवू नका. उन्हाळ्यांचं, म्हणजे गरम झऱ्यांचं, पाणी मुळातच खारटसर असतं. तापमान आणि सिलिकाही सोबत चढली असेल तर खालचं गरम पाणी वर आल्याचा संशय घ्या. पाणी गारच राहून नुसतं क्लोराइड चढलं तर खाडीकडे बघा.

वापरलेलं पाणी परत जमिनीत सोडणारी दुसरी बोअर कुठे असेल ते आत्ताच ठरवा, आणि तिच्या आसपासच्या पिण्याच्या विहिरीही यादीत घ्या. अशा पाण्यात फ्लोराइड असतं; पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, म्हणून पऱ्ह्यात (ओढ्यात) सोडायचा विचारही नको.

आणि कुंड देवळाचं असेल तर बाटली बुडवण्याआधी मानकऱ्यांना भेटा. वही त्यांच्यासमोर उघडा, आकडे मराठीत लिहा, एक प्रत देवळातच ठेवा.