पिस्तूलाच्या झटक्यापासून हात कसे वाचवायचे

एका रविवारी रेंजवर शंभरेक गोळ्या झाडून फोंड्याला घरी आलो आणि रात्री जेवताना लोणच्याची बरणी उघडेना, अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ की शेवटी बायकोने उघडून दिली. रिव्हॉल्व्हर हलकं होतं .३२ चं (हा आकडा म्हणजे गोळीची साधारण जाडी, इंचात), आणि मी धरत होतो चुकीचं.

गोळी पुढे गेली की पिस्तूल मागे येणारच. .२२ ची गोळी साधारण अडीच ग्रॅमची, .३२ ची सहाच्या आसपास, त्यात हत्यार हलकं असलं तर झटका जास्त लागतो. शिवाय नळी हाताच्या वर असते म्हणून तोंड उसळतं आणि मनगट मागे वाकतं.

पहिलं पकड बघा. हत्यार रिकामं करा, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, दोनदा तपासा, मग अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी हत्याराच्या मुठीच्या मागे जमेल तितकी वर बसवा (पिस्तूल असेल तर स्लाईडच्या, म्हणजे वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या वाटेत येऊ नका, कातडं सोलतं), आणि नळी व कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आला पाहिजे. माझं इथेच चुकायचं, मूठ जराशी फिरलेली असायची आणि सगळा धक्का अंगठ्याच्या सांध्यावर.

मग दाब. हात थरथरेपर्यंत आवळा आणि तिथून थोडं सैल सोडा, तेवढं पुरे. दोन हातांनी धरत असाल तर डाव्याने जास्त आवळा, म्हणजे उजवं बोट ट्रिगरवर मोकळं राहतं. कोपर ताठ नको. आपल्याकडे घाम हा वेगळाच ताप, मूठ निसटते म्हणून माणूस अजून आवळतो आणि कोपर दुखायला लागतं, तेव्हा टॉवेल जवळ ठेवा नाहीतर रबरी ग्रिप बसवा.

सराव .२२ वर करा, .३२ च्या थोड्याच, आणि हात थकला की थांबा. गोळ्या उरल्यात म्हणून संपवायच्या नसतात!

आता लक्षणं. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवलं की कळ आली तर अंगठ्याकडच्या स्नायूबंधाला सूज असू शकते. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील तर मनगटातली नस दाबली जात असेल. कोपराची बाहेरची बाजू दुखली तर बहुतेक टेनिस एल्बो, म्हणजे तिथल्या स्नायूबंधाचं दुखणं. दोन आठवडे गोळीबार बंद ठेवूनही नारळ खवताना दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरकडे जा, आणि शूटिंग करता हे आधी सांगा, नाहीतर सगळं बिल मोबाईलवर फाटतं.