दोन ॲप, दोन सह्या

अंधेरीतील आमच्या दोन अँड्रॉइड ॲपपैकी एकातील ग्राहकयादी फक्त दुसऱ्यालाच वाचता यावी, म्हणून मी मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती व परवानग्या नोंदवणाऱ्या फाइलमध्ये) ‘सिग्नेचर’ पातळीची, म्हणजे त्याच सहीच्या ॲपलाच मिळणारी, परमिशन घोषित केली होती. माझ्या फोनवर दोन्हींवर एकाच डीबग कीची (चाचणीसाठी सही करणाऱ्या डिजिटल किल्लीची) सही असल्याने सर्व सुरळीत चालले. प्ले स्टोअरवरील प्रतींत मात्र सिक्युरिटी एक्सेप्शन (परवानगी नसल्याची त्रुटी) येऊ लागले. पातळी ‘नॉर्मल’ करण्याचा मोह झाला, पण मग मागेल त्या ॲपला ती मिळाली असती. दोन्ही सह्यांच्या प्रमाणपत्रांचे एसएचए-२५६ ठसे (प्रमाणपत्र ओळखण्याचे संकेतांक) ताडले, तेव्हा प्ले ॲप सायनिंग या ॲपवर अंतिम सही करणाऱ्या गुगलच्या सेवेने प्रत्येक ॲपला वेगळी की दिल्याचे दिसले (ॲप प्ले स्टोअरकडे पाठवताना वापरायची माझी अपलोड की एकच, म्हणून मी गाफील!). अँड्रॉइड १२ पासून मिळणारा ‘नोनसायनर’ (नोंदवलेल्या दुसऱ्या सहीलाही परमिशन देणारा पर्याय) जोडून दुसऱ्या ॲपचा ठसा नोंदवताच यादी उघडली. त्याहून जुन्या फोनांवर अडचण अजून कायम आहे.