आग विझली, पण गाडी सुरू होत नाही: वायरिंग कुठून तपासावी

बोनेटखालची आग विझल्यावर चावी फिरवून बघू नका. वितळलेल्या वायरी एकमेकींना चिकटल्या असतील, तर पुन्हा पेट घेईल. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. विमा मागायचा असेल तर सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत फक्त फोटो काढा. गाडी हायब्रीड असेल तर नारिंगी केबलींना हात लावू नका.

गोव्यात पहिले काम पावडरीचे. एबीसी अग्निशामकातली पावडर, म्हणजे मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट, दमट हवेत ओलावा धरते आणि आम्लधर्मी होऊन कनेक्टरातल्या धातूच्या पिना खाते. त्यात मुरगाव-कळंगुटकडची खारी हवा आणि पावसाळा! म्हणून हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका. मास्क लावून पावडर व्हॅक्यूमने ओढा. हवेचा प्रेशर मारलात तर कनेक्टरात घुसते. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, नंतर साध्या ओल्या फडक्याने. कनेक्टरांना कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

जळालेली वायर चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे कापत जा. वरचे आवरण शाबूत असले तरी आत ती काळी पडलेली असते. जोड त्याच जाडीच्या वायरीचा, वर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी नळी). नुसती टेप चालत नाही. उष्णता लागलेले पेट्रोलचे रबरी पाइपही आत्ताच बदला, कारण इग्निशन चालू करताच पंप दाब देतो.

आता शॉर्ट, म्हणजे वायर बॉडीला किंवा दुसऱ्या वायरीला टेकलेली जागा, शोधा. सगळे फ्यूज काढा, इग्निशन बंद, दारे बंद. निगेटिव्ह तार आणि बॅटरीच्या टोकामध्ये २१ वॅटचा बल्ब जोडा. तो लख्ख पेटला तर सेल्फ (स्टार्टर मोटर) किंवा अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची) जाड केबल बॉडीला लागते आहे. नाही पेटला तर फ्यूज एकेक करून बसवा. ज्याने बल्ब लख्ख पेटून तसाच राहील, त्या सर्किटात दोष. १० अॅम्पिअरच्या फ्यूजच्या जागी २० चा कधीही नको.

बल्ब काढून तार नीट जोडा. चांगली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर ती कमजोर. व्होल्टेज पडत नाही आणि नुसता ‘टक’ आवाज येतो? सेल्फ मारताना बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिनची बॉडी यांत मीटर लावा. अर्धा व्होल्टही दिसला तर अर्थची पट्टी (इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी) गेली.

इंजिन फिरते पण पकडत नसेल, तर इग्निशन चालू करताच मागे पंपाची घरघर ऐका. नसेल तर पंपाचा फ्यूज, रिले. असेल तर सेन्सरच्या कनेक्टरवर ५ व्होल्ट पाहा. नसल्यास सेन्सरांचे कनेक्टर एकेक काढा. ज्याने ५ व्होल्ट परततील, तो सेन्सर शॉर्ट आहे.