फुटबॉलचं टॅक्टिकल ट्रेनिंग नुकतंच सुरू झालंय? मग माझा घोळ आधी वाचा

आधीच सांगते, मी काही मोठी प्लेअर नाही. सहा नंबरच्या जागेवर, म्हणजे डिफेंडर्सच्या लगेच पुढे मिडफिल्डमध्ये खेळायचे, आता अधूनमधून खेळते आणि लहान मुलींना शिकवते. फर्स्ट टच, पासिंग, ऑफसाइड हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चाललेय. हे लिहितेय ते अशांसाठी ज्यांचं टॅक्टिकल ट्रेनिंग, म्हणजे कधी कुठे उभं राहायचं आणि कोणाला पास द्यायचा ह्याचं शिक्षण, चालू होऊन दोन-तीन महिने झालेत आणि आता वाटतंय की अरे, आपण आधीच बरे खेळत होतो की.

वाटणारच. मलाही वाटलं आणि ते खरंच होतं, माझा खेळ बिघडला होता.

झालं असं. २०१९ मध्ये गोलकिकचा, म्हणजे आपल्या गोलजवळून बॉल परत खेळात आणायच्या किकचा नियम बदलला. आधी बॉल पेनल्टी एरियाच्या बाहेर गेल्याशिवाय कोणाला घेता यायचा नाही, आता किक मारून बॉल हलला की बॉक्समध्येच आपली प्लेअर घेऊ शकते. मग काय, सगळ्यांनाच मागून, आपल्या गोलपासून छोटे पास देत खेळत यायची हौस आली, आमच्या सरांनाही आली. आमचा पॅटर्न, म्हणजे ठरलेली पासची साखळी, होता कीपर ते सेंटर बॅक (मधली डिफेंडर), सेंटर बॅक ते मी, मी एका टचमध्ये राइट बॅकला (उजवीकडची डिफेंडर) आणि ती लाइनीवरून वर. प्रॅक्टिसला समोर कोणी नाही, फार तर खुणेला ठेवलेले चार प्लॅस्टिकचे शंकू. रोज तेच, तीन आठवडे. डोळे मिटून करता येईल इतकं पाठ झालं आणि मी ते खरोखरच डोळे मिटून करत होते हे मॅचमध्ये कळलं.

समोरच्या टीमची विंगर (कडेने खेळणारी अटॅकर) आमच्या राइट बॅकपासून मुद्दाम लांब, आत उभी राहिली होती, जसं काही तिचं लक्षच नाही. मला बॉल आला, मी एका टचमध्ये दिला, बॉल अजून गवतावरून सरकतोय तोवर ती सुटली होती. मधेच बॉल काढला, तीन टच, गोल. आणि मी काय केलं? दहा मिनिटांनी परत तेच. दुसऱ्यांदा पोस्टला लागला म्हणून वाचलो, नाहीतर त्या दिवशी मी घरी चालतच गेले असते.

रात्री व्हिडिओ बघितला. मला बॉल येतो त्या क्षणी पॉज केला. त्यांची एक मिडफिल्डर माझ्यावर धावून आलीये, म्हणजे तिची जागा रिकामी झालीये, आणि आमची टेन (दहा नंबरची, पुढे खेळणारी मिडफिल्डर) बरोब्बर त्याच जागेत उभी राहून दोन्ही हात हलवतेय. माझ्यापासून बारा-एक मीटर असेल. ह्यातलं सगळ्यात लागलेलं काय सांगू, माझं तोंड तिच्याच दिशेने होतं. मी तिच्याकडे बघत होते आणि मला ती दिसली नाही.

बघूनही न दिसण्याचा हा ट्रॅप मी जरा जास्तच उगाळणारे, कंटाळा आला तरी वाचा.

डोळ्यांसमोर असलेली गोष्ट लक्ष दुसरीकडे अडकलंय म्हणून न दिसणं ह्याच्यावर बरंच संशोधन झालंय. १९९९ चा तो गोरिलावाला प्रयोग ऐकला असेल, बॉलचे पास मोजण्यात गुंग झालेल्या जवळपास निम्म्या लोकांना मधून चालत गेलेला गोरिलाच दिसला नाही. मेमर्ट आणि फर्ली ह्या दोघांनी २००७ मध्ये हेच खेळात तपासलं, तरुण हँडबॉल प्लेअर्सवर. आपल्या समोरच्या डिफेंडरवर लक्ष ठेवायचं जादा काम दिलं की त्यातल्या बऱ्याच जणांना मोकळा उभा असलेला सहकारी दिसतच नव्हता. खेळ हँडबॉलचा, पण वाचताना मला वाटलं माझाच व्हिडिओ कोणीतरी बघून लिहिलाय. डोक्यात एकच ओळ घोळत होती, "राइट बॅक, एक टच, राइट बॅक, एक टच". त्या ओळीत टेन नव्हती, म्हणून मैदानावरही नव्हती.

म्हणजे टॅक्टिक्स शिकूच नका असं म्हणतेय का मी? अजिबात नाही. मी उत्तर पाठ केलं होतं आणि प्रश्न कोणता ते कधी बघितलंच नव्हतं, घोळ तिथे होता. माझ्या जागेवरचा प्रश्न खरं तर सोपा होता, माझ्यावर कोण आलं आणि ती कोणाला सोडून आली? विंगर राइट बॅकच्या अंगावर असेल तर एक उत्तर, आत राहून वाट बघत असेल तर वेगळं, कोणीच येत नसेल तर बॉल घेऊन सरळ पुढे चालायचं. समोर विरोधकच नसतील तर हा प्रश्न पडणार कसा? म्हणून माझं स्पष्ट मत आहे की विरोधकांशिवाय केलेला पॅटर्न पहिले दोन दिवस ठीक, कोणी कुठे उभं राहायचं ते कळायला. तिसऱ्या दिवशी समोर दोन तरी डिफेंडर टाका आणि त्यांना फसवायची मोकळीक द्या. तुमचे कोच हे करत नसतील तर प्रॅक्टिसनंतर चौघी-पाचजणी थांबून स्वतः करा, आम्ही तेच केलं.

आता स्कॅनिंग. सगळे सांगतात, बॉल यायच्या आधी मान वळवून बघ. बरोबरच आहे, नॉर्वेच्या गाइर योर्डेट ह्या संशोधकाने मोठ्या लीगमधल्या प्लेअर्सचे व्हिडिओ काढून वर्षानुवर्षं हेच अभ्यासलंय. पण मी ऐकलं आणि मान वळवायला लागले, नुसतीच मान. सर खूश, "बघ, आता बघतेस". आमच्यातली एक सिनियर ताई मात्र गप्प उभी होती, तिने काय केलं, माझ्या मागे जाऊन हाताची बोटं वर केली आणि बॉल माझ्याकडे यायच्या आत किती बोटं ते सांगायला लावलं. पहिल्या दहात दोन बरोबर आले, तेही बहुतेक अंदाजाने. मान वळत होती, नजर कुठेच थांबत नव्हती. त्यात मी बघत होते ते बॉल माझ्याकडे निघाल्यावर, जेव्हा मला पहिल्या टचची काळजी असते. बघायची वेळ त्याच्या आधीची, बॉल दोन दुसऱ्या प्लेअर्समध्ये फिरत असतो तेव्हाची. हा बोटांचा खेळ फुकटचा आहे आणि माझ्या मते ह्याच्या तोडीचं काही नाही.

त्यावरून शॉर्टकट्स. दिवे लागतात ते बटण दाबा, स्क्रीनवरचे ठिपके लक्षात ठेवा, असली ब्रेन ट्रेनिंगची ॲप्स घेऊ नका. २०१२ मध्ये स्वीडनमधल्या एका अभ्यासात वरच्या डिव्हिजनचे प्लेअर्स विचारक्षमतेच्या सर्वसाधारण टेस्टमध्ये खालच्या डिव्हिजनपेक्षा सरस निघाले होते, ॲपवाले तसलेच दाखले देतात. पण त्यावरून ठिपके बघून तुमचा पास सुधारेल असं कुठे सिद्ध होतं? बुद्धिबळाचं उदाहरण घ्या. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन ह्या संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवलं की पक्के खेळाडू खऱ्या डावातली मांडणी झटक्यात लक्षात ठेवतात, पण सोंगट्या कशाही विस्कटून ठेवल्या की त्यांची ती कमाल जवळपास संपते. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती काही अचाट नसते, त्यांना ओळखीच्या रचना दिसतात. फुटबॉलमधल्या रचना फुटबॉलमध्येच दिसणार ना.

आणि हायलाइट्स बघून गेम कळत नाही. तिथे प्रत्येक पास यशस्वीच असतो. पूर्ण मॅचमधली पंधरा मिनिटं बघा, फक्त तुमच्या जागेवरच्या प्लेअरकडे, बॉल सोडून. बोअर होतं, चालतंय.

छोट्या मैदानावरचे चार विरुद्ध चार सामने सगळीकडे खेळवतात आणि ते चांगलेच आहेत, निर्णय घ्यायची वेळ सारखी येते. फक्त नियम काय लावलाय ते बघा, कारण तो नियम अंगात मुरतो. मी माझ्या मुलींना "पाच पास झाल्याशिवाय गोल नाही" असं घातलं होतं, तर शनिवारी मॅचमध्ये कीपर पुढे आलेली, गोल उघडा आणि माझी स्ट्रायकर बॉल मागे देतेय. तिला काय बोलणार, मीच शिकवलेलं. दोनच टचमध्ये बॉल सोडायच्या नियमाचंही तसंच, त्याने विचार फास्ट होतो म्हणतात, पण नवीन मुलं बॉल म्हणजे गरम तवा असल्यासारखी सोडून मोकळी होतात. रोंदो (गोलात उभं राहून मधल्यांना चुकवत पास द्यायचा खेळ) छान, फक्त त्यात गोल कुठल्या बाजूला हा प्रश्नच नसतो एवढं लक्षात ठेवा.

कोचबद्दल एक बोलतेच. लाइनीवरून प्रत्येक पासला "डावीकडे! टर्न! सोड!" ओरडणारे सर मिळाले तर तुमचा निर्णय तेच घेतायत, तुम्ही नुसतं रिमोटवर चालताय. सुरुवातीला त्याने मॅचेस जिंकतात पण, म्हणून पालकांना ते फार आवडतात. नंतरचे माझे सर उलटे, सारखे विचारायचे, "काय दिसलं तुला?" काय दिलंस ते नाही, काय दिसलं. सुरुवातीला राग यायचा, अहो सांगा ना काय करू. पण उत्तर द्यावं लागणार म्हटल्यावर माणूस बघायला लागतो. अर्थात हे पण अतीच केलं तर प्रॅक्टिसचा तास गप्पांत जातो, त्यांचा जायचाही.

घाबरू नका मात्र. मधला काळ सगळ्यांचाच वाईट जातो, जे आधी आपोआप व्हायचं ते मुद्दाम विचार करून करायला लागलं की पाय जड होतात. मला साधारण चार महिने लागले. नंतर विचार करायला जास्त वेळ लागत नाही, उलट सुचलेला पहिला पर्यायच बहुतेकदा बरा निघतो. अनुभवी हँडबॉल प्लेअर्सवर जॉन्सन आणि राब ह्यांचा २००३ चा अभ्यास आहे, त्यात सुरुवातीला सुचलेले पर्याय नंतरच्यांपेक्षा चांगले निघाले होते. सरावाने ते पहिलं सुचणंच सुधारायचं असतं.

आणि वहीत दोन रकाने करा, एक निर्णयाचा, एक पायाचा, म्हणजे पास नीट गेला का त्याचा. दोन्ही एकत्र मोजलं की चांगला निर्णय चुकलेल्या पासबरोबर कचऱ्यात जातो आणि पुढच्या वेळी तुम्ही सेफ पास देता. मागच्या महिन्यात तसाच बॉल मला परत आला, विंगर आत, मिडफिल्डर माझ्यावर, टेन मागे मोकळी. ह्या वेळी दिसली. दिला. पण तिच्या चुकीच्या पायावर गेला, तिला वळता आलं नाही, बॉल गेला, बेंचवरून ओरडा पडला. घरी येऊन वहीत लिहिलं, निर्णयाला बरोबर, पायाला चूक, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर डाव्या पायाने दोनशे पास मारले.